मेंदूत अल्झायमर, वागण्यात नाही : हे कसं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली आणि दोन दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चारदा येऊन गेली. ‘रोज पाच हजार पावलं चाला, अल्झायमर सात वर्षं लांबवा.’ धाकट्या मामांनी लगेच मोबाइलवरचा आपला आकडा टाकला : २,१४०. मामींनी खाली लिहिलं, ‘त्यातली निम्मी फ्रीजपर्यंतची.’ हसून झालं. मग मावशीचा मेसेज आला. तिच्या सासूबाई शेवटची सहा वर्षं तिला रोज सकाळी विचारायच्या, ‘बाई, तुम्ही कुणाच्या?’ मावशीने लिहिलं होतं, ‘आमच्या आई उभा जन्म चालल्याच. विहिरीवर, शेतात, आठवड्याच्या बाजाराला. त्यांना का झालं मग?’

त्यानंतर दिवसभर ग्रुपवर कुणी काही टाकलं नाही.

बातमी खोटी नव्हती आणि मावशीचा प्रश्नही वावगा नव्हता. दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं हे कळायला, मेंदूत होणारा बिघाड आणि माणसाच्या वागण्यात दिसणारा बिघाड या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. आपण त्या एकच समजतो. सवयींचं सगळं काम या दोहोंमधल्या फटीत चालतं.

स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर

ताप आणि डेंग्यू यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. ताप हे लक्षण, डेंग्यू हे त्याचं एक कारण. तसं आठवण, भाषा, हिशेब, वाट ओळखणं इतकं ढासळलं की रोजचं जगणं परावलंबी होतं, या अवस्थेला म्हणायचं स्मृतिभ्रंश. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण, पण एकमेव नव्हे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण सगळंच वयाच्या खात्यावर टाकतो, ते चूक. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वयाचं असू शकतं. किल्ली हातात असून ती कशाला असते हे न सुचणं वयाचं नसतं.

भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज एका देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये मांडला गेला. म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल असं त्याच अभ्यासकांचं गणित आहे. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शाळा न शिकलेल्यांत जास्त. हा शेवटचा मुद्दा लक्षात असू द्या, मावशीच्या सासूबाईंसाठी तो लागणार आहे.

मेंदूत नेमकं काय साचतं?

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिताना मध्येच विसरायला होई. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर चिकट गोळे साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. सव्वाशे वर्षांनंतरही या आजाराची खूण तीच.

बाहेरचे गोळे अॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत रोज तयार होतं आणि रोज वाहूनही जातं. तयार होणं जास्त किंवा वाहून जाणं कमी झालं की ते साचतं, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार धरावा तसं. आतला गुंता टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा. पेशीच्या आत माल वाहून नेणारे रूळ असतात, आणि टाऊ म्हणजे त्या रुळांना धरून ठेवणारे स्लीपर. स्लीपर निसटले, एकमेकांत अडकले की रूळ वाकडे होतात, माल पोचत नाही आणि शेवटी पेशी मरते.

नवे शब्द हे दोनच. डाग म्हणजे अॅमिलॉइड, गुंता म्हणजे टाऊ.

डाग आधी पडतात, तेही लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून. म्हणजे सत्तराव्या वर्षी जो माणूस नातवाचं नाव विसरतो, त्याच्या मेंदूत पन्नाशीच्या आसपास, तो ऑफिसात प्रमोशनच्या मागे असताना, सुरुवात झालेली असू शकते. गुंता नंतर पसरतो, आणि नव्या आठवणी बसवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आसपास तो लवकर घर करतो. विसरण्याशी जास्त जवळचं नातं डागांचं नाही, गुंत्याचं आहे. म्हणूनच अलीकडची डाग पुसणारी औषधं चमत्कार करत नाहीत. त्यांतल्या लेकॅनेमॅबने डाग चांगलेच कमी केले, पण दीड वर्षात घसरण थांबली नाही. ती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, इतकंच.

डाग भरपूर, आजार नाही

१९८६ साली अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने एका ख्रिस्ती संघातल्या जोगिणींचा अभ्यास हाती घेतला. पुढे पंचाहत्तरीपुढच्या ६७८ जणी त्यात सामील झाल्या. त्यांनी दरवर्षी स्मरणशक्तीच्या परीक्षा दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू तपासायला दिला. अभ्यासाला जोगिणी सोन्यासारख्या, कारण एकच स्वयंपाकघर, एकच दिनक्रम, ना दारू ना विडी. आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर कुठला मठ शोधावा हा प्रश्नच आहे.

त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत परीक्षांत चांगले गुण, बोलणं चोख. मेंदू उघडून पाहिला तर डाग आणि गुंते दोन्ही भरपूर. कागदोपत्री त्या अल्झायमरच्या रुग्ण, आणि प्रत्यक्षात नव्हत्या.

हे कसं जमतं? मुंबईहून पुण्याला निघालात आणि बोरघाटात एक्स्प्रेस-वेवर दरड कोसळली. ज्याला तेवढाच रस्ता ठाऊक आहे तो अडकला. जुना हायवे माहीत असलेला थोडा उशिरा पोचेल. माळशेजवरून वळसा घालून जायची तयारी असलेला आणखी उशिरा पोचेल, पण पोचेल. मेंदूतही एका कामासाठी जितक्या वाटा तयार असतील, तितकी पडझड खपते. मेंदूच्या या गंगाजळीत शिक्षण भर घालतं, गुंतागुंतीचं काम घालतं, माणसांत वावरणंही घालतं. पडझड चालूच असते, फक्त बाहेर कळायला वेळ लागतो.

याचा आपल्याकडचा दाखला हैदराबादचा आहे. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. सोलापुरात घरी तेलुगू बोलून दुकानात मराठी आणि पाहुण्यांशी कन्नड बोलणाऱ्या आजींनी हे वाचून खूश व्हायला हरकत नाही. मात्र धडधाकट माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या इतर अभ्यासांत दरवेळी असं दिसलेलं नाही. साठाव्या वर्षी केवळ मेंदूसाठी फ्रेंच शिकायला बसणार असाल तर आनंदासाठी शिका, हमीसाठी नको.

मेंदूचे नळ

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी गोष्ट पुढे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या जागी तो शरीराच्या सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. हा पुरवठा रक्तवाहिन्यांतून येतो. केसाहून बारीक अशा या वाहिन्यांवर वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीचा मारा बसला, साखरेने त्यांच्या भिंती खराब झाल्या, तंबाखूने त्या आकसल्या, की मेंदूत लहान लहान जागी रक्त पोचत नाही आणि तिथला भाग मरतो. मोठा झटका आला तर ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आपण धावपळ करतो. हे बारीक झटके कळतही नाहीत.

सिस्टर मेरींच्या त्याच अभ्यासात १९९७ मध्ये एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, त्यांच्यापैकी असे बारीक झटके येऊन गेलेल्या जोगिणींत स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त होता. डाग तेवढेच, पण नळही तुंबलेले. म्हातारपणी स्मृतिभ्रंश होणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूत असा मिश्र कारभारच सापडतो, निव्वळ अल्झायमर क्वचित.

मग बीपी आटोक्यात ठेवून फरक पडतो का? हे अमेरिकेत ९,३६१ जणांवर तपासलं गेलं. एका गटाचं वरचं बीपी १४० च्या आत ठेवलं, दुसऱ्याचं १२० च्या आत. २०१९ मध्ये निकाल आला. १२० च्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीच्या पायरीचं, म्हणजे सौम्य विसराळूपणाचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होतं. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका निघाला नाही, कारण हृदयविकारात इतका फायदा दिसला की प्रयोग मुदतीआधीच थांबवला होता. आपलं बीपी १२० वर आणायचं की १३० वर, हे अर्थात डॉक्टरांनी ठरवायचं.

ही पुराव्यांतली बरीच भक्कम कडी आहे, आणि तिच्यात ‘मेंदूसाठी’ म्हणून विकण्यासारखं काहीच नाही. महिन्याच्या गोळ्या आहेत, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या बंद न करणं आहे. मिश्रीची डबी सोडणं आहे. कुठल्याही ग्रुपवर हे चार वेळा फिरत नाही.

मग चालण्याची बातमी काय सांगत होती?

ती हार्वर्डशी जोडलेल्या एका जुन्या अभ्यासातून आली होती. ५० ते ९० वयाची २९६ माणसं, सुरुवातीला सगळी स्मृतीने ठणठणीत. त्यांच्या पावलांची मोजणी झाली, मेंदूचे स्कॅन झाले, आणि सरासरी नऊ वर्षं दरसाल परीक्षा घेतल्या गेल्या. ज्यांच्या मेंदूत सुरुवातीलाच डाग जास्त होते, त्यांच्यात रोज तीन ते पाच हजार पावलं चालणाऱ्यांची घसरण बैठ्या माणसांपेक्षा सरासरी तीन वर्षांनी लांबलेली दिसली. पाच ते साडेसात हजारवाल्यांची सात वर्षांनी. त्यापुढे पावलं वाढवून फायदा फारसा वाढला नाही. दहा हजारांचा हट्ट धरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

फॉरवर्डमधून गळालेली गोष्ट अशी की चालणाऱ्यांचे डाग कमी नव्हते. कमी होता तो गुंता पसरण्याचा वेग. म्हणजे चालण्याने मेंदू ‘साफ’ झाला असं नाही, तर डाग असूनही पुढची पडझड सावकाश झाली.

याआधी २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवर प्रयोग झाला होता. एका गटाने वर्षभर भरभर चालायचं, दुसऱ्याने नुसते ताणाचे व्यायाम करायचे. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यांचा थोडा आकसला. एरवी त्या वयात तो दरवर्षी झिजतच असतो.

झोप : रात्रीची घंटागाडी

दिवसभरात मेंदूत तयार झालेला कचरा, त्यात अॅमिलॉइडही आलं, मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर वाहून जातो. २०१३ मध्ये माइकेन नेडरगार्ड यांच्या चमूने उंदरांत दाखवलं की झोपेत पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि धुलाई वाढते. सोसायटीत घंटागाडी पहाटे येते, कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो, तसं काहीसं. २०२४ मध्ये दुसऱ्या एका चमूला उंदरांतच याच्या उलट दिसलं, त्यामुळे घंटागाडी नेमकी किती वाजता येते यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. पण झोप मोडली की अॅमिलॉइड वाढतं हे माणसांतही दिसलंय. २० निरोगी माणसांना एक रात्र जागवलं, तर हिप्पोकॅम्पसच्या परिसरात ते सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

एका रात्रीने काही होत नाही, तेव्हा गणपतीच्या जागरणाला बिनधास्त जा. प्रश्न वीस वर्षांच्या सवयीचा आहे. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरदारांच्या दीर्घ अभ्यासात पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त होता. आणि घरात कुणी घोरता घोरता मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर त्यावर विनोद करण्याऐवजी त्याला कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे न्यावं.

कान

हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. कानांचा स्मृतीशी काय संबंध?

एखाद्या लग्नात आजोबांच्या शेजारी बसून बघा. पंगतीत सगळे बोलताहेत. त्यांना अर्धं ऐकू येतं, उरलेलं ते ओठांवरून, अंदाजाने जुळवतात. मेंदूची सगळी शक्ती ‘काय म्हणाला?’ यातच जाते, लक्षात ठेवायला उरतच नाही. मग ते दोनदा ‘काय?’ विचारतात. तिसऱ्यांदा घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, काही नाही.’ या ‘जाऊ दे’ने माणूस हळूहळू संभाषणातून उठून जातो. भजनी मंडळ सुटतं, कट्टा सुटतो, फोन घेणं सुटतं. मेंदूला खुराक देणाऱ्या सगळ्या गोष्टी एकामागून एक बंद होतात.

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, एका गटाला कानाचं मशीन, दुसऱ्याला नुसतं आरोग्यशिक्षण. २०२३ चा निकाल सरसकट सगळ्यांत निराशाजनक होता, काही फरक नाही. पण ज्यांना हृदयविकार, मधुमेह वगैरेमुळे आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात मशीनवाल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मोतीबिंदूचंही तसंच. शस्त्रक्रिया केलेल्यांत स्मृतिभ्रंश न केलेल्यांपेक्षा कमी आढळला, पण तो प्रयोग नव्हता, नुसतं निरीक्षण होतं.

‘निरोगी माणूस चालतोच की! कारण कुठलं, परिणाम कुठला?’

ही शंका रास्त आहे. मेंदूत बिघाड सुरू झालेला माणूसच आधी सुस्तावतो, बाहेर जाणं टाळतो. मग आपण म्हणायचं, ‘चालत नव्हता म्हणून झालं.’ उलटंही असू शकतं. ब्रिटनच्या त्याच नोकरदारांत २०१७ मध्ये हे दिसलं होतं : निदानाच्या जवळजवळ नऊ वर्षं आधीपासून माणसांच्या हालचाली कमी होऊ लागल्या होत्या. वजनाचंही असंच. मध्यमवयात लठ्ठपणा धोक्याचा, पण सत्तरीत प्रयत्नाविना वजन उतरू लागलं तर ती आजाराची आगाऊ वर्दी असू शकते.

म्हणून निरीक्षणावर न थांबता प्रयोग लागतो. फिनलंडमध्ये मीया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर तो झाला. निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीची कामं आणि बीपी-साखरेवर देखरेख असं सगळं एकत्र दिलं, निम्म्यांना नेहमीचा सल्ला. २०१५ मध्ये निकाल आला : सगळं एकत्र करणाऱ्या गटाची परीक्षांतली प्रगती सुमारे २५ टक्के जास्त. अमेरिकेत २,१११ जणांवर असाच प्रयोग होऊन जुलै २०२५ मध्ये निकाल लागला. तिथे नियमित बैठका घेऊन मागे लागलेला गट, स्वतःच्या मनाने करणाऱ्या गटापेक्षा थोडा पुढे गेला. सुधारले मात्र दोन्ही. काहीच न करणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे सुधारणेतला किती वाटा सवयींचा आणि किती तीच ती परीक्षा पुन्हा देण्याचा, हे सांगता येत नाही. शिवाय दोन वर्षांत परीक्षेतले गुण वाढणं आणि वीस वर्षांनी अल्झायमर टळणं, या दोहोंत अंतर आहे. ते अंतर ओलांडणारा प्रयोग अजून कुणी केलेला नाही.

‘४५ टक्के टाळता येतो’ म्हणजे काय?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये चौदा गोष्टींची यादी केली : कमी शिक्षण, बहिरेपणा, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, बैठेपणा, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति दारू, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि न सुधारलेली नजर. या सगळ्या जगातून नाहीशा झाल्या तर स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील, असा हिशेब.

हा आकडा गावाचा आहे, घराचा नाही. गावाने पाणी उकळून प्यायला सुरुवात केली तर गॅस्ट्रोच्या केसेस घटतील हे नक्की सांगता येतं. त्यात तुमची केस टळली का, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि यादी पुन्हा बघा. पहिली गोष्ट लहानपणीची शाळा, शेवटून दुसरी हवा. या दोहोंतलं काहीही माणूस साठाव्या वर्षी उठून ‘सवय’ म्हणून बदलू शकत नाही. ‘जीवनशैली’ या शब्दात सगळा भार एकट्या माणसाच्या डोक्यावर टाकायची सोय असते, ती मला खटकते.

हळद, बदाम, ब्राह्मी

हा प्रश्न येणारच होता. हळदीतल्या कर्क्युमिनने परीक्षानळीत अॅमिलॉइडवर परिणाम केला, त्यावरून बरीच आशा वाढली. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं जातं, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या प्रयोगांत फायदा दिसला नाही. गिंको या झाडाच्या गोळ्या ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून जगभर खपतात. ३,०६९ ज्येष्ठांवर वर्षानुवर्षं तपासल्यावर २००८ मध्ये उत्तर आलं : उपयोग शून्य. ब्राह्मीने अल्झायमर टळतो असंही सिद्ध झालेलं नाही. बदाम खा, चांगले लागतात.

संपूर्ण आहाराचं चित्रही वाटतं तितकं साफ नाही. पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा, मासे यांवर भर देणाऱ्या, मुद्दाम मेंदूसाठी आखलेल्या आहाराचा ६०४ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला. २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा नेहमीचंच पण थोडं कमी खाणाऱ्या गटापेक्षा तो सरस ठरला नाही. याचा अर्थ वडापावला मोकळीक असा नव्हे, कारण साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल शेवटी ताटातूनच येतात. पण ‘हा एक पदार्थ खा’ असं कुणी सांगितलं की सावध व्हावं.

एक अपवाद मात्र करतो : बी-१२. शाकाहारी घरांत याची कमतरता सर्रास असते आणि तिच्यामुळे विसराळूपणा, गोंधळ, पायांत मुंग्या येऊ शकतात. हा अल्झायमर नव्हे, पण अगदी तसा दिसू शकतो, आणि वेळीच कळला तर बरा होऊ शकतो. थायरॉइडचं आणि नैराश्याचंही तेच. त्यामुळे ‘म्हातारपण आहे’ म्हणून घरी बसवण्याआधी या साध्या तपासण्या झाल्याच पाहिजेत.

आणि अनुवंश?

आईवडिलांकडून मिळालेल्या एकाच जनुकाने अल्झायमर जवळपास ठरूनच जातो, अशी घराणी आहेत, पण ती एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी. त्यांच्यात आजार तरुणपणी, चाळिशी-पन्नाशीतच दिसतो. बाकीच्यांत जनुकं फक्त पारडं झुकवतात. एपीओई-४ या जनुकाची एक प्रत असली तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो, दोन असल्या तर त्याहून बराच जास्त. तरीही ती असलेले कित्येक जण शेवटपर्यंत शुद्धीत असतात, आणि नसलेल्यांनाही आजार होतो. आता रक्तातून डागांचा माग काढणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अशा एकीला मान्यता मिळाली, पण ती लक्षणं असलेल्यांसाठी. लक्षणं नसताना उगाच करून घेऊ नका. सिस्टर मेरींची पन्नाशीत अशी चाचणी झाली असती आणि डाग निघाले असते, तर पुढची पन्नास वर्षं त्यांनी कशी काढली असती?

मावशीच्या सासूबाई

त्या चालल्या, खूप चालल्या. पण शाळेचं तोंड पाहिलं नाही. चाळीस वर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केला. बीपी पहिल्यांदा मोजलं ते ६८ व्या वर्षी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, आणि तेव्हा ते १९० होतं. किती वर्षांपासून होतं कोण जाणे. यांतल्या कशामुळे त्यांना आजार झाला, की कशामुळेच नाही, हे एका माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही. कदाचित इतकं चालल्या म्हणूनच तो पंचाहत्तरीपर्यंत थांबला असेल. हेही सिद्ध करता येणार नाही.

मी मावशीला फोनवर एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे आईंचं काही चुकलं नव्हतं.’ मी म्हटलं, नाही. तिला बहुधा तेच ऐकायचं होतं. कारण सहा वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला सांगायचा की यांना आधी अमुक खायला घातलं असतं, तमुक करायला लावलं असतं तर.

मामांची पावलं आता साडेतीन हजारांवर गेली आहेत. रोज रात्री ग्रुपवर आकडा येतो. त्यांचं कानाचं मशीन मात्र दोन वर्षांपूर्वी आणलं तसंच कपाटातल्या डबीत आहे. मामींनी विचारलं की म्हणतात, ‘काय?’